भाराखाली

करूळ घाटात, तिसऱ्या का चौथ्या वळणावर,
चिऱ्याच्या ट्रकला मागं टाकताना
गाडीनं माझा हात सोडला.

बंद नाही पडली. बंद पडली असती तर कळलं तरी असतं.
इंजिन चालू, गाणं चालू,
पाय पार तळापर्यंत,
आणि ती नुसती हुंकार देत होती,
लक्ष नसलेल्या माणसासारखी.
समोरून एसटी.
शेजारी केतकी बारावीच्या फॉर्मचं काहीतरी सांगत होती,
ती वाक्याच्या मधोमध थांबली.
ब्रेक ट्रकवाल्यानं मारला. त्याचा चेहरा मी पाहिला नाही.

गगनबावड्यापर्यंत दुसऱ्या गिअरमध्ये.
तीन हजारांच्या वर काटा जाईना,
पिवळा दिवा, आणि दोघंही गप्प.

शोरूममध्ये कॉम्प्युटर लावला.
टर्बोचा दाब कमी, एवढंच तो म्हणाला.
पुढचं टायवाला पोरगा म्हणाला: टर्बोच बदलायचा,
अठ्ठ्याहत्तर हजार, टॅक्स वेगळा.
दिवा तेवढा पुसून दिला त्यानं.
गाडी शहाण्यासारखी धावली, उचगावच्या पुलाचा चढ येईपर्यंत.

मग उद्यमनगर. लेथच्या दुकानांमधला बोळ,
बाबालाल शिकलगार.
बॉनेट उघडलंच नाही त्यांनी. आधी विचारलं,
"कवा जाती? गार असताना का गरम झाल्यावर?
एकलेच असता का माणसं बसल्यावर?
सपाटीला काय म्हणती?"
सपाटीला काही नाही म्हणालो.
"हां. म्हंजे भाराखाली."

शोरूमचा कागद वाचला, घडी घालून माझ्याच खिशात परत ठेवला.
"खोटं न्हाई ह्यात काय. दाब कमी हायच.
पर ताप हाय म्हटलं म्हंजे रोग सांगितला न्हवं."

पाइप काढून आतला पंखा बोटानं फिरवला.
खेळ नाही, ओरखडा नाही.
व्हॅक्यूमची बारीक नळी दातांत धरून हवा ओढली;
भोकावर जिभेचं टोक चिकटून राहिलं की नळी चांगली.
दुसऱ्या नळीला त्यांना खोकला आला, थांबेना.
शिरोलीच्या फाउंड्रीत बावीस वर्षं वाळू खाल्लेली.
डोळे पुसत नळी जुबेरकडं दिली:
"तू वड. माझाच दाब कमी हाय."
हसले फक्त तेच.

मग फळीवरून प्लंबरचं एक टोपण काढलं,
त्याला सायकलच्या ट्यूबचा वॉल्व्ह बसवलेला.
ते इंजिनच्या नाकाला लावलं, हवा भरली,
जुबेरनं साबणाचं पाणी ब्रशनं फासलं.
आम्ही तिघं वाकून बघत होतो.
बाहेर लेथ किंचाळत होता.
काही नाही.
काही नाही.
मग इंटरकूलरच्या पाइपाखाली, वाकणाच्या आतल्या अंगाला,
जिथं तेलावर धूळ बसून काळी झालेली,
एक बुडबुडा. त्याच्यामागं दुसरा.

बोटानं दाबून दाखवलं त्यांनी.
बोटभर चीर, ओठ मिटल्यासारखी.
"उभी असताना मिटून ऱ्हाती. हिला कितीबी बगा, कळायचं न्हाई.
दाब आला की उघडती."

पाइप अकराशे पन्नास, क्लिप चाळीस,
मजुरी तीनशे, चहा त्यांचा.

रविवारी पन्हाळ्याकडं निघालो, केतकीला घेऊन.
वाघबिळाच्या चढावर पाय दाबला.
गाडीनं आधी बारीक शीळ घातली, मग पाठीला हात लावून पुढं ढकललं.
मी विचारलं, फॉर्मचं काय सांगत होतीस त्या दिवशी?
काही नाही, ती म्हणाली,
आणि काच थोडी खाली घेतली.

जुना पाइप अजून डिकीत आहे. टाकवत नाही.
वळणावर तो इकडून तिकडं घरंगळतो,
आणि मला आठवत जातं:
अभ्यास कसा चाललाय, बरी आहेस ना,
आजवर जे काही विचारलं तिला,
सगळं गाडी उभी असताना.